सात दिवसांत

रणधीरचा फोन येतो रात्री साडेबारानंतर.
तिथं तेव्हा जेवणाची रांग नुकती मोडलेली असते.
शालन स्पीकर लावते, फोन तांब्याला टेकवते,
आणि आम्ही दोघं त्या तांब्याशी बोलतो.

ज्या देशात तो आहे त्याचं नाव
मला अजून सरळ म्हणता येत नाही.
त्याला तिथं राहायचं नाही, त्यांनाही तो ठेवायचा नाही,
एवढ्यावर दोघांचं एकमत.
पुढं नदी, नदीपल्याड तार,
तारेपल्याड तासावर पगार देणारे देश.

मनगटावर निळी पट्टी आहे म्हणाला. नंबर चारशे अठरा.
आणि एक कागद दिलाय, दादा:
सात दिवसांत देश सोडावा.
पोरं हसत होती,
कारण हाच कागद दाखवला की बसचं तिकीट मिळतं.
हाकलायचा हुकूम तोच जायचा परवाना.
बस सीमेपर्यंत नेते. अलीकडचा शिपाई तोंड फिरवतो.
पलीकडचा नाही फिरवत.
तो बूट काढून घेतो, फोनची काच फोडतो,
नदीतून परत धाडतो.
परत आलं की नवा कागद. पुन्हा सात दिवस.
हा त्याचा तिसरा.

मी गलाईवाला.
चौदाव्या वर्षी मिरजेत गाडीत बसलो,
त्रिचूरला उतरलो तेव्हा तिथला एक शब्द तोंडात नव्हता.
चाळीस वर्षं सोनारांच्या दुकानातली धूळ विकत घेतली,
पायपुसणी जाळली, हात धुतलेलं पाणी आटवलं,
लोकांच्या पायाखालचं सोनं मुशीत उतरवलं.
राख फेकताना कधी बघितलं नाही
ती कुठं जाऊन बसते.
पोराला धूर नको होता. मायणी रोडच्या एजंटाला
अकरा लाख दिले त्यानं.
माझेच. टंच काढलेले.

परवा फोन ठेवल्यावर शालन म्हणाली,
त्या लोकांना माया नाही का हो?
मी बोललो नाही.
मला विट्याचा बाजारतळ दिसत होता.

धंदा मोडून गावी आल्यावर एकदा निवडून आलो होतो,
वॉर्ड नंबर पाच. त्या वर्षी
वरून गाडीलोहार आले, गोव्याकडं निघालेले.
इथं थांबायचं त्यांच्याही मनात नव्हतं.
एका गाडीचा आस मोडला, एक बाई अवघडलेली.
मग नळावर भांडण. कुणाची तरी कोंबडी गेली.
अर्जावर बावीस सह्या.

आम्ही काही वाईट वागलो नाही.
टँकर पाठवला, एका पोराला इंजेक्शन दिलं,
नावं वहीत लिहून घेतली.
कुठून: कोट्याकडून. कुठं: पुढं.
आणि एक कागद दिला, टाइप केलेला, मराठीत,
जो त्यांच्यात कुणालाच वाचता येत नव्हता.
सही माझी.
मुदतही मीच सांगितली, मोठ्या मनानं.
मुख्याधिकारी तीनच दिवस म्हणत होते.

पाचव्या दिवशी त्यांच्यातली म्हातारी घरी आली.
पदराखाली विळी, रात्रीतून घडवलेली.
ओट्यावर ठेवली आणि एक बोट वर केलं.
एक दिवस अजून. सुनेचे दिवस भरलेत.
मी बघतो म्हणालो.
विळी घेतली.

सातव्या दिवशी सकाळी तळ रिकामा होता.
चुलीचे काळे दगड, मोडका आस.
ती बाई कुठं बाळंत झाली,
कडेगावात की कऱ्हाडच्या पुलाखाली,
वहीत त्याला रकाना नव्हता.

आज शालननं त्याच विळीवर मेथी चिरली.
धार अजून आहे.
मी घड्याळाकडं बघत बसलोय.
फोन आला की रणधीरला विचारायचंय,
तिथं एक दिवस वाढवून मागायला
कुणाच्या ओट्यावर जावं लागतं,
आणि तो माणूस
काय म्हणतो.